टोपलीचं नाव येत नाही

सखाबाई : नाही वो रंजूबाई, तुया टोपलीचं नावच येत नाही इथं. तूच पाय. व्हॉट्सॲप हाय, ब्लूटूथ हाय, हे एक लाल पाकिटावालं हाय. टोपली कुठं हाय, सांग मले.

रंजू : असं कसं होईल, वहिनी? मी बनवलेलं ते ॲप तर आहे तुझ्या फोनात. तुझ्या लिलाधरचं लग्न ठरलं त्या साक्षगंधाले मीच टाकून दिलं होतं, साऱ्या घरच्यांच्या फोनात. हे बघ ना टोपलीचं चित्र.

सखाबाई : चित्र हाय. दाबलं तं उघडते बी. पण फोटो उघडून बाण दाबला का हे अशी यादी येते, अन् यादीत तुई टोपली नाही. मी का आंधळी हाय?

रंजू : बाण कायले दाबते? आधी टोपली उघडायची, खाली अधिकचं चिन्ह आहे ते दाबायचं, मग फोटो निवडायचा. साऱ्यांनी तसंच केलं. हर्षानं साठ फोटो टाकले. आमच्या यांनीसुद्धा टाकले, ज्यांना कपाटात समोर टांगलेला शर्ट सापडत नाही.

सखाबाई : मंग तवा अधिकचं चिन्ह काहून नाही सांगतलं? साक्षगंधात माईक घेऊन उभी होती तू. "जुने फोटो टोपलीत शेअर करा, टोपलीत शेअर करा." भटजीपेक्षा जास्त बोलली. लिलाधरले विचारलं, शेअर कुठं असते बाबू, तं त्यानं हा बाण दाखवला. तवापासून बाणच दाबून राहिली.

रंजू : शेअर करा म्हटलं होतं मी?

सखाबाई : चार वेळा.

रंजू : अगं बाई. थांब, दे तो फोन इकडं.

सखाबाई : फोन माह्याच हातात राहू दे. तुले जे पायचं ते इथूनच पाय.

रंजू : तुझे हात ओले आहेत, झिंगे निवडून राहिली तू. ओल्या बोटानं काही दबत नाही.

सखाबाई : पदरानं पुसते. हां. पाय आता.

रंजू : खरंच नाही यादीत. कशी येईल म्हणा. मी ते केलंच नाही.

सखाबाई : काय नाही केलं?

रंजू : कसं सांगू तुले... ही यादी फोन बनवते. तू फोटो धरून बाण दाबला, का फोन पाहतो, कोण कोण फोटो घ्यायले तयार आहे. ज्या ॲपनं आधीच लिहून दिलं असेल, का बाहेरून फोटो आला तर माझ्या दारी पाठव, त्याचंच नाव दिसते. माझ्या टोपलीनं लिहूनच नाही दिलं. आतल्या दारानं फोटो घेते, बाहेरचं दार मी ठेवलंच नाही.

सखाबाई : मंजे पाहुण्याले ये ये म्हणाचं, अन् घराले दरवाजाच नाही.

रंजू : तसंच झालं. सहा महिने झाले वहिनी. तुझ्याशिवाय कोणी एका शब्दानं सांगितलं नाही मले.

सखाबाई : कोण सांगन? ज्याले जमत नाही त्याले वाटते, आपल्यालेच येत नाही. शिकल्यासवरल्याची चूक कोणी पायत नाही वो.

रंजू : मी कुठली शिकलेली? बारावी नापास. पोरगा हॉस्टेलले गेला, जुना लॅपटॉप ठेवून गेला, म्हणून हे. क्वार्टरमध्ये दुपारी काय करायचं? साऱ्या बाया लोणची घालत, मी हिंदीतले व्हिडिओ लावून बसो. एका व्हिडिओतला मास्तर इतका भरभर बोले, त्याले मी अर्ध्या वेगानं लावो. दारू पिऊन शिकवते असं वाटे.

सखाबाई : अन् तुया दादा इथं साऱ्या एकोडी गावात सांगत फिरे. आमची रंजू मोबाइल बनवते म्हणे. मी म्हटलं, मोबाइल नाही वो, मोबाइलच्या आतलं. तं म्हणे आतलं तं अजूनच कठीण.

रंजू : नको सांगू ते.

सखाबाई : काहून?

रंजू : माहीत आहे ना तुले. चाळीस जणांची पानं आहेत टोपलीत. प्रत्येकाच्या नावाचं एक पान. फोटो टाकला का त्या पानावर दिसते. चाळिसातली दोनच पानं कोरी आहेत, तुझं अन् दादाचं. पुष्पाबाईनं टाकला, जिले स्वतःचा नंबर पाठ नाही. दादानं एक नाही टाकला. अन् मी राखीच्या दिवशी फोनवर काय बोलली त्याले, तू तिथंच होती.

सखाबाई : मी चुलीजवळ होती.

रंजू : ऐकलं तर असशील. म्हटलं, साऱ्या जगासाठी वेळ आहे तुले, मच्छीमार सोसायटीच्या मिटिंगा आहेत, तलाव आहे, बहिणीनं दोन वर्षं डोळे फोडून केलेलं काम पाहायले पाच मिनिटं नाहीत. तो म्हणे, "टाकतो ना वो बाई." मी म्हटलं, राहू दे, नको टाकू. अन् फोन ठेवून दिला. पंधरा-वीस दिवसांत तो तलावावर जाता जाता बांधावर बसला, अन् झालं. माझं शेवटचं बोलणं ते. नको टाकू.

सखाबाई : तो असं धरून बसणारा नोता.

रंजू : तो नव्हता. मी आहे. मले एवढंच कळायले पाहिजे होतं, का त्यानं एकदा तरी उघडून पाहिलं का नाही. त्याचा फोन तर लिलाधरनं कोरा करून वापरायले घेतला. आता कोणाले विचारू?

सखाबाई : चाय ठेवू का?

रंजू : नको. लॅपटॉप आणला आहे मी. लाईट आहे ना? आत्ताच बनवते दार. तुझा फोन लागेल मात्र, वायर लावून. तुझ्या समोरच ठेवते, हात नाही लावत.

सखाबाई : इथं दारापुढच्या सपरीतच बस. किती टैम लागते?

रंजू : यादीत नाव यायले चार-पाच ओळी. इथं लिहायचं, का पाठवलेलं घेतो. अन् खाली लिहायचं, फक्त चित्र घेतो, दुसरं काही नाही.

सखाबाई : दुसरं काय असते?

रंजू : व्हिडिओ, कागद, गाणे. ते नको. नाहीतर सकाळी सकाळी सारे जण फुलावर लिहिलेले सुविचार... नाही, ते फोटोच असतात. ते येतीलच.

सखाबाई : पुष्पाबाई पाठवन. तिचा सूर्य उगवल्याबिगर राहत नाही.

रंजू : झालं. आता बघ. कुठलाही फोटो उघड अन् बाण दाब.

सखाबाई : हे वासरू हाय, दिवाळीचं. याले घेऊ?

रंजू : घे.

सखाबाई : बाण... आली वो यादी. अवं, आली. टोपली. पाय, व्हॉट्सॲपच्या बाजूले बसली येऊन.

रंजू : दाब तिले.

सखाबाई : दाबली. उघडली टोपली. अन्... वासरू कुठं हाय?

रंजू : नाही आलं?

सखाबाई : पांढरं हाय सारं.

रंजू : हां. दार झालं, पण दारात उभं राहून घेणारं कोणी नाही. ते राहिलं. दोन वेळा लिहावं लागते ते. एक, टोपली बंद असताना फोटो आला तर. अन् दुसरं, टोपली आधीच उघडी असेल तर.

सखाबाई : पाहुणा आला तवा घरचे झोपले असन तं, अन् जागे असन तं.

रंजू : बरोब्बर. त्या मास्तरले हे समजवायले चाळीस मिनिटं लागली होती. थोडी थांब.

सखाबाई : मी कुठं जाते? झिंगे हायेत माह्याजवळ. तू लिव.

रंजू : हे झिंगे आपल्या तलावातलेच ना?

सखाबाई : आपल्याच. अंकुशच्या घरून आले. आता आपल्या घरचं कोण जाते पाण्यात? लिलाधर तुमसरच्या मिलमध्ये. मी विकत घेते झिंगे, सांगाची गोष्ट हाय का?

रंजू : तू लग्न होऊन आली तेव्हा तुले झिंगे निवडता येत नव्हते. मिशांसकट भाजी केली होती.

सखाबाई : तुले बरं याद हाय. आठ वर्साची होती तू. साऱ्यायच्या आधी तूच तोंड वाकडं केलं. अन् दादानं दोनदा मागून खाल्ली ते भाजी, ते नाही याद.

रंजू : ते पण आहे. खाऊन झाल्यावर अंगणात जाऊन खोकत होता. झालं. आता कर.

सखाबाई : बाण... टोपली... आलं. वासरू आलं. खाली लिवलं हाय, फोटोत कोण हाय.

रंजू : लिही मग. नाहीतर बोल, ते आवाजही घेते.

सखाबाई : वासराचं नाव अजून ठेवलं नाही. जाऊ दे तसंच. गेलं?

रंजू : गेलं. माझ्या फोनात आलं, हे बघ. तुझ्या पानावरचा पहिला फोटो. आता खरा टाक एखादा. जुना.

सखाबाई : आज नाही.

रंजू : काहून? आता तर यादीत नाव आलं.

सखाबाई : पुढच्या खेपेले येशील तवा पाहू. वायर काढून घे तुई.

रंजू : वहिनी, इतके दिवस तू म्हणत होती, टोपली दिसत नाही. आता दिसते तर फोन पदराखाली घेतला. माझ्यावर राग आहे का? दादाले बोलली त्याचा?

सखाबाई : राग कायचा वो.

रंजू : मग?

सखाबाई : वाटा हाय तो.

रंजू : काय?

सखाबाई : शेअर मंजे वाटा. मी विचारलं लिलाधरले. तो म्हणे शेअर मंजे वाटा करणे, मायबाई. आता वाटा का असते हे मले कोणी शिकवाचं नाही. जनमभर मासोळ्याचे वाटे केले मी. एकाच्या टोपल्यात टाकला का आपल्या ढिगातून गेला. वासरू रोज समोर बांधलं हाय, त्याचं काही नाही. बाकी मले द्याचे नाहीत.

रंजू : वहिनी.

सखाबाई : हास. हासून घे.

रंजू : हसत नाही. बघ, तुझ्याच फोनात बघ. वासरू आहे का?

सखाबाई : ...हाय.

रंजू : माझ्याकडं पण आहे. बघ. इथला फोटो कुठं जात नाही, त्याच्यासारखा दुसरा तिकडं जाते. शंभर जणांना दे. तुझ्याजवळचा कमी नाही होत.

सखाबाई : जराबी नाही?

रंजू : जराबी नाही.

सखाबाई : मंग त्याले नाही कोणी सांगतलं हे.

रंजू : कोणाले?

सखाबाई : घे. हात पुसून घे अन् पाय. पुढं सरकव. एक एक करून.

रंजू : ही तर आतल्या खोलीतली फ्रेम आहे. माझ्या लहानपणची. साकोलीचा फोटोवाला आला होता तलावावर, तेव्हाची. फोनवरून काढला आहे फ्रेमचा फोटो. कोणी काढला, लिलाधरनं?

सखाबाई : पुढं सरकव ना.

रंजू : परत तीच फ्रेम. परत. वहिनी, हा एकच फोटो किती वेळा आहे?

सखाबाई : अकरा.

रंजू : अकरा वेळा कायले?

सखाबाई : त्यानंच काढले. दर आइतवारी. फ्रेम काढून आणे, इथं सपरीत उजेडाले ठेवे, फोटो काढे. मंग अर्धा घंटा कोपऱ्यात बसून बोट फिरवत राहे. अन् जरा वेळानं माह्या फोनात टुंग वाजे. पायलं तं हाच. दुसऱ्या आइतवारी पुन्हा. मी म्हटलं, म्हातारपणी चाळे सुचले का? चुलीजवळ बसलेल्या बायकोले कोणी फोटो पाठवते का? म्हणे, काही नाही, दाबून पायतो.

रंजू : दर रविवारी.

सखाबाई : साक्षगंध झालं त्याच्या पुढच्या आइतवारपासून.

रंजू : हा शेवटचा... तारीख आहे वर. राखीच्या नंतरचा आहे हा.

सखाबाई : दुसऱ्या दिवशीचा. तो तेवढा सोमवारी काढला.



रंजू : त्यानं बाण दाबला असेल. मीच सांगितलं होतं, शेअर करा. यादी आली, तिच्यात टोपली नाही. वर गोल गोल चित्रं येतात, ज्यांच्याशी जास्त बोलणं असते त्यांची. सगळ्यात पुढं तू असशील.

सखाबाई : बोलणं कायचं? मिरच्या आण, दळण आण. एवढंच लिवो मी.

रंजू : अन् तुझ्याकडं गेला म्हटल्यावर त्याले वाटलं, वाटा गेला हातातून. म्हणून दुसरा काढला. मग तिसरा. प्रत्येक वेळी नवा. मले एक फोन केला असता त्यानं. एकदा म्हटलं असतं, का रंजू, तुझं नाव येत नाही.

सखाबाई : बहिणीले कसा म्हणन, मले येत नाही? तुले पोहणं त्यानंच शिकवलं ना?

रंजू : यात माझी पाठ आहे, वहिनी. ही बुटकी पोरगी. वेणीले लाल फीत.

सखाबाई : मालूम हाय. तुई पाठ मी ओळखणार नाही?

रंजू : माझं कामच होतं ते. पळसाच्या पानावर मासोळ्यांचे ढीग लावत, अन् मी पाण्याकडं तोंड करून बसो, म्हणजे कोणता ढीग कसा आहे ते दिसलं नाही पाहिजे. मागून दादा एकेका ढिगावर हात ठेवून विचारे, हा कोणाचा? मी ज्याचं नाव घेईन त्याचा. बघ, हा दादा वाकला आहे. हात ढिगावर आहे. मिसरूड फुटलं होतं नुकतंच. तुले एक सांगू? चांगल्या ढिगावर हात ठेवला का तो बारीकसा खाकरे. मरळ असली का दोनदा. अन् मी म्हणो, आमच्या घरचा.

सखाबाई : चोरटे होते दोघं.

रंजू : होतोच. कोणाले कधी पत्ता लागला नाही. टोपलीत हा फोटो आला असता तर खाली विचारलं असतं, फोटोत कोण आहे. साऱ्यांची तोंडं दिसतात, माझी पाठ. त्याच्याशिवाय कोणाले सांगता आलं असतं?

सखाबाई : म्हणून तोच निवडला त्यानं.

रंजू : वहिनी, हे तुझ्याकडं आले, तर तुझेच आहेत. मले कळलं ते पुरे झालं. मले नको द्यायले.

सखाबाई : मले पयल्या दिसीच समजलं होतं, माह्यासाठी नोते म्हणून. या फोटोत मी हाव कुठं? मी तवा एकोडी पायली बी नोती. पण येत गेले तं ठेवून घेतले. तो गेल्यावर तू विचारत राहिली, दादानं काही टाकलं होतं का, काही टाकलं होतं का. मी म्हणो, टोपली दिसत नाही. खोटं नाही बोलली. पण खरं बी पुरतं नाही सांगतलं.

रंजू : तुझ्या जागी मी असती तर मी पण नसतं सांगितलं.

सखाबाई : तू पाठ पायतेस. मी तिकडं पायतच नाही. फ्रेमची काच पाय.

रंजू : काच?

सखाबाई : उजेडाले ठेवून काढला ना त्यानं. काचेत तो दिसते. मोठा कर. दोन बोटानं.

रंजू : ...दिसते. फोन तोंडासमोर धरला आहे.

सखाबाई : या पयल्यात बनियान. याच्यात डोक्यावर दुपट्टा हाय, लगन होतं कोणाचं तरी. याच्यात दाढी वाढली, ताप होता तवा. अन् हा सोमवारचा पाय. त्याच्या मागं मी हाव, चायचा कप घेऊन. दोघायचा असा हा एकच फोटो हाय, लगनाचा सोडून. तो कसा वाटून देऊ सांग.

रंजू : नको देऊ. तो नको देऊ.

सखाबाई : पण कमी होत नाही म्हणते ना तू.

रंजू : नाही होत.

सखाबाई : मंग बाण दाबते. हां. टोपली. आला. खाली तर माहं नाव दाखवते.

रंजू : तुझा फोन आहे, म्हणून तुझ्या पानावर जाते.

सखाबाई : माह्या पानावर वासरू हाय तेवढं पुरे. हा त्याच्या पानावर टाकता येते का?

रंजू : येते. नाव बदलायचं इथून. दे, मी करते... तुलाराम. झालं. फोटोत कोण आहे, ते लिहू का?

सखाबाई : त्याच्या पानावर हाय तं त्यालेच लिवाचं होतं. तू लिव, पण पाठीचं आधी लिव.

रंजू : लिहिलं. आता हे हिरवं दाब. तू दाब.

सखाबाई : गेला?

रंजू : आला. माझ्या फोनात दिसून राहिला, त्याच्या पानावर.

सखाबाई : रडू नको वो, झिंग्यात खारट पडन. थांब, मले माहे मोजू दे. दोन, चार... सात... अकराच हायेत.

रंजू : म्हटलं ना मी.

सखाबाई : वाटून बी जागच्या जागी राहते, हे त्या येड्याले कोणी सांगतलं असतं, तं एकदाच काढला असता त्यानं.

रंजू : हो.

सखाबाई : बरं झालं, कोणी नाही सांगतलं.